लांबचे पक्षी

आस्लाकने विमानतळाच्या काचेला कपाळ टेकवलं आणि बराच वेळ पाहत राहिला. धावपट्टीपलीकडच्या गवतावर एक छोटा ससाणा हवेत एकाच जागी पंख मारत थांबला होता.

"लिहू का, मामा?" इंगुनने कोटाच्या खिशातून हिरवी वही काढली.

"काचेतला पक्षी लिहीत नाहीत."

"चांगला दिसतोय की."

"टीव्हीवरही चांगलाच दिसतो. आपले पाय बाहेरच्या जमिनीवर हवेत आणि त्याच्या-आपल्यात नुसता वारा हवा. मग लिही."

इंगुनने वही परत खिशात टाकली. ती वही फक्त मधल्या थांब्यांची होती. एका विमानातून उतरून दुसऱ्यात चढेपर्यंतचा वेळ बाकीची माणसं दुकानांत किंवा खुर्चीत मान टाकून काढतात. आस्लाक आणि त्याची बायको टूरिड मात्र तेवढ्यात बाहेर पडत, आणि काही नाही तर पार्किंगच्या कडेची झुडपं धुंडाळत. फ्रँकफर्टला बसथांब्यामागे त्यांना धोबी पक्षी मिळाला होता. हेल्सिंकीला टॅक्सीच्या रांगेत उभं असताना डोक्यावरून क्रौंचांची लांबलचक माळ गेली, टूरिड रांग सोडून तिच्यामागे धावली आणि पुढचं विमान चुकलं. त्या पानावर तिच्या बारीक अक्षरात 'विमान चुकलं, बरं झालं' असं लिहिलेलं आहे. टूरिडला जाऊन पावणेतीन वर्षं झाली. तेव्हापासून आस्लाक बहिणीच्या मुलीला, इंगुनला, बरोबर घेऊन हिंडतो.

"साडेपाच तास," तो पुटपुटला. "तासाभरात ग्दान्स्कचं दुसरं विमान होतं, मी पाहिलं. कोपनहेगनला साडेपाच तास बसून काय करतात माणसं?"

"बसायचं नाहीये. बसने वीस मिनिटांवर एक राई आहे. काल रात्रभर वारा पूर्वेचा होता. समुद्र ओलांडून आलेले सगळे पक्षी तिथेच उतरले असतील."

आस्लाकने तिच्याकडे वळून पाहिलं. ऑक्टोबरातला पूर्वेचा वारा म्हणजे काय, हे त्यानेच तिला शिकवलं होतं. त्याने टोपी चढवली.

बसमध्ये चालकाने काहीतरी विचारलं. आस्लाकने दोनदा "काय?" केलं आणि शेवटी इंगुनने उत्तर दिलं.

"हे डेनिश लोक," जागेवर बसता बसता तो म्हणाला, "तोंडात गरम बटाटा धरून बोलतात. जन्मात कळायचं नाही."

इंगुन हसली, पण मनापासून नाही. हा विनोद नॉर्वेतली प्रत्येक पिढी करत आली आहे आणि त्यात वावगं काही नाही. फक्त गेल्या वर्षभरात मामाला गावातला वाणी, दाताची डॉक्टर आणि रेडिओवरची बातम्या देणारी बाई हे सगळेच तोंडात बटाटा धरून बोलल्यासारखे वाटू लागले होते.

तिच्या पायांशी त्याची बॅग होती. बॅगेत संगणक होता, आणि संगणकात उद्याच्या भाषणाची दहा चित्रं. बाल्टिक समुद्राच्या आसपासच्या देशांत रानातले पक्षी मोजणारी हौशी माणसं दर दोन वर्षांनी एकत्र जमतात. यंदा ती पोलंडमधल्या ग्दान्स्कला जमणार होती आणि उद्या सकाळी दहा वाजता आस्लाक त्यांच्यापुढे बोलणार होता. एक्केचाळीस वर्षं आरागिरणीत काढलेला माणूस. कामगारांच्या सभेपलीकडे कुठे बोलला नव्हता. निमंत्रणाचं पत्र त्याने फ्रिजवर लावलं होतं आणि त्यासाठी नातवंडांचा फोटो खाली सरकवला होता.

भाषण होतं पक्षिराजाबद्दल. हा पक्षी अंगठ्याएवढा, वजन जेमतेम पाच ग्रॅम, डोक्यावर एक पिवळी रेघ. तरी नॉर्वेत सगळे त्याला पक्षिराजच म्हणतात. त्याचा आवाज इतका बारीक आणि उंच, की लक्ष नसेल तर दारातली बिजागरी कुरकुरली असं वाटावं. आस्लाकच्या गावामागच्या रानात दर जूनच्या पहिल्या रविवारी मोजणी होई. वीस ठरलेल्या जागा आणि प्रत्येक जागी पाच मिनिटं. मोजायचं कानांनी, कारण सुईसारख्या पानांच्या स्प्रूस वृक्षांच्या दाट झाडीत डोळ्यांना फारसं काही मिळत नाही. नियम आस्लाकनेच घातले होते. एकाने ऐकायचं, दुसऱ्याने लिहायचं. ऐकणारा बोटाने दिशा दाखवणार, लिहिणारा उभी रेघ मारणार. लिहिणाऱ्याने तोंड उघडायचं नाही आणि स्वतःच्या कानांवर काही मोजायचं नाही, नाहीतर एकच पक्षी दोनदा लागतो. सव्वीस वर्षं बोट आस्लाकचं आणि पेन्सिल टूरिडची. वर्षाची बेरीजही तीच करून द्यायची.

टूरिड होती त्या शेवटच्या वर्षी पक्षिराज तेरा होते. पुढच्या जूनमध्ये, पेन्सिल इंगुनच्या हाती आली तेव्हा, एक. त्यानंतर शून्य. यंदाही शून्य.

ज्या हिवाळ्यात टूरिड गेली त्याच हिवाळ्यात शेजारच्या ऑडमुनने ओढ्यापलीकडच्या उतारावरचे जुने स्प्रूस तोडले होते. आस्लाकला ती तोड आणि पक्ष्यांची घट यांचा संबंध जोडायला वेळ लागला नाही. ऑडमुन त्याचा शाळेपासूनचा मित्र. चाळीस वर्षं दर शनिवारी दोघं एकमेकांकडे वॅफल आणि कॉफी घेत आले होते. त्या जूननंतर आस्लाकने नगरपालिकेला तीन पत्रं लिहिली, आणि ऑडमुन रस्त्यात दिसला की तो पलीकडच्या बाजूने जाऊ लागला. उद्याच्या दहा चित्रांतलं आठवं चित्र त्या उतारावरच्या खुंटांचं होतं. खाली मालकाचं नाव घातलं होतं.

इंगुनला पहिल्याच वर्षी सातव्या जागेवर पक्षिराज ऐकू आला होता. थेट डोक्यावर. तिने पेन्सिल टेकवली आणि मामाच्या बोटाकडे पाहिलं. बोट गुडघ्यावर स्वस्थ पडलेलं होतं. तिला वाटलं, आपलंच चुकलं असेल, मामाचे कान म्हणजे काय, करवतीचं पातं बोथट झाल्याचं खालच्या मजल्यावरून ओळखणारा माणूस. दुसऱ्या वर्षी तिला अकरा ऐकू आले. कोकीळ, कस्तुर, डोमकावळा, जाड आवाजाचे सगळे मामाने अचूक दाखवले. बारीक आवाजाचा एकही नाही. तेव्हा तिला कळलं. आणि सांगायचं कसं हे मात्र कळेना. मामी गेली होती, मित्र तुटला होता, आणि आता कानही गेले म्हणून सांगायचं? तिने नियमावर बोट ठेवलं. लिहिणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. नियमाआड लपणं इतकं सोपं असतं, हे तिला त्याआधी माहीत नव्हतं. मग निमंत्रण आलं, आठवं चित्र तयार झालं, आणि इंगुनने तासाभराचं विमान सोडून साडेपाच तासांचा थांबा निवडला.

राईचं नाव कोंगेलुंडेन, म्हणजे राजाची राई. आत शिरताच वारा मागे राहिला. बीच झाडांची पानं पिवळी पडली होती आणि वाटेवर त्यांचा ओला थर होता. आस्लाक दहा पावलं चालून थांबला आणि सवयीने त्याने डोकं जरा तिरकं केलं.

"कस्तुर," त्याने डावीकडे बोट दाखवलं. "आणि वर सुतार. लिही."

इंगुनने लिहिलं. आजूबाजूला, वर, खाली, काटेरी झुडपांत, सगळीकडे सी-सी-सी चालू होतं. ती कितीतरी वेळ नुसती ऐकत उभी राहिली.

"शांत आहे राई," आस्लाक म्हणाला. "तुझा पूर्वेचा वारा फुकट गेला. बघ, इथेही नाहीत. मी उद्या हेच सांगणार आहे. नुसतं आमच्या रानात नाही, सगळीकडेच चाललंय हे."

"मामा, थोडं पुढे जाऊ. तिथे स्प्रूसची रांग आहे."

स्प्रूसच्या रांगेपाशी एक आडवा पडलेला ओंडका होता. आस्लाकने त्यावर रुमाल अंथरला आणि मेणकागदातली पावाची चवड काढली. मध्ये तपकिरी चीज होतं. इंगुनसाठीची अर्धी बाजूला ठेवून त्याने पहिला घास घेतला आणि तसाच थांबला.

समोर, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, स्प्रूसच्या खालच्या फांदीवर पक्षिराज बसला होता. रात्रभर समुद्रावरून उडून आलेले हे जीव इतके थकलेले असतात, की माणसाची भीती बाळगायलाही त्यांच्यात बळ उरत नाही. त्याने एका पानाच्या मुळाशी काहीतरी टिपलं, पंख झटकले. डोक्यावरची पिवळी रेघ स्पष्ट दिसत होती.

आस्लाकने घास गिळला. चेहऱ्यावर पोराचा आनंद होता. त्याने इंगुनकडे न पाहता हात हलवून तिला पाहायला सांगितलं. दुर्बिणीची गरजच नव्हती.

मग पक्ष्याने चोच उघडली.

उघडली, मिटली, पुन्हा उघडली. गळ्याखालची पिसं थरथरली. पुन्हा तीन वेळा चोच उघडमीट झाली, आणि बाजूच्या फांदीवर दुसरा येऊन बसला, त्याचीही चोच तशीच हलू लागली. आस्लाक बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद एकदम गेला नाही. आधी त्याच्या कपाळाला आठी पडली, मग त्याने डोकं एका बाजूला कलवलं, मग दुसऱ्या बाजूला. शेवटी पाव गुडघ्यावर ठेवून त्याने उजवा हात कानामागे धरला.

पक्षी उडून दोन फांद्या वर गेले.

"इंगुन," तो म्हणाला. "तो ओरडत होता?"

"हो."

"मोठ्याने?"

"बऱ्यापैकी."

आस्लाकने मेणकागदाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली.

"आणि बाकी राईत?"

"आठ तरी आहेत अजून."

"आपल्या रानात?"

इंगुनच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पुसलं नाही. "पहिल्या वर्षी मी मोजले नाहीत. मागच्या वर्षी अकरा. यंदा बारा. मला आधीच बोलायला हवं होतं. मी भ्याले, मामा."

तो तिच्यावर चिडेल असं तिला वाटलं होतं. त्याने फक्त तिचा अर्धा पाव तिच्या हातात दिला.

"खा," तो म्हणाला. "बस निघेल."

विमानतळावरच्या तपासणीत बाईने दुर्बीण गळ्यातून काढायला सांगितली तेव्हा त्याने हुज्जत घातली नाही, आणि इंगुनला याचंच जास्त वाईट वाटलं. एरवी तो त्यावर पाच मिनिटं भांडला असता.

विमानात चढायच्या फाटकासमोरच्या खुर्चीत बसल्यावर मात्र तो एकदम ताठ झाला.

"थांब. हे जुळत नाही."

"काय?"

"माझे कान गेले, मान्य. पण कान असे एका वर्षात जातात का? तेरावरून एक? कान गेले असते तर तेरा, अकरा, आठ, पाच असं उतरत गेलं असतं. हळूहळू. हा आलेख कड्यासारखा तुटलाय." त्याने हवेत तळहाताने कडा दाखवला. "म्हणजे त्या हिवाळ्यात काहीतरी झालंच. तू म्हणतेस ते नंतर परत आले असतील. पण तोड झाल्यावर गेलेच होते."

त्याच्या आवाजात आशा होती. पहिल्या वर्षी सातव्या जागेवर डोक्यावर ओरडलेला तो एक इंगुनला आठवत होता, पण एकाने काय सिद्ध होतं?

आस्लाकने बॅग उघडली. उद्या कुणी पुरावा मागितला तर असाव्यात म्हणून त्याने रानातल्या मोजणीच्या जुन्या वह्या बरोबर घेतल्या होत्या, टूरिडच्या हातच्या. बेरजेचा कागद तो दरवर्षी पाहायचा. वह्या त्याने कधी चाळल्या नव्हत्या. बेरीज करणं लिहिणाऱ्याचं काम, हाही त्याचाच नियम.

"हे बघ. शेवटचं वर्ष. तेरा." त्याने पान तिच्यापुढे धरलं.

पक्षिराजाच्या रकान्यात दोन उभ्या रेघा होत्या. बाकीचे अकरा लहान लहान गोल होते.

"हे गोल कसले?" इंगुनने विचारलं.

"ते... मी एकदा विचारलं होतं तिला. पुष्कळ वर्षं झाली. म्हणाली, ते लांबचे." त्याचं बोट पानावरच थांबलं. "लांबचे पक्षी ती वेगळे लिहायची."

इंगुनने रेघा आणि गोल पुन्हा मोजले. मग आस्लाकने आधीच्या वर्षाचं पान काढलं. चार रेघा, दहा गोल. त्याच्या आधी सहा रेघा, सात गोल. तो मागे मागे जात राहिला, बोटाला थुंकी लावून, घाई न करता. रेघा वाढत गेल्या आणि गोल कमी होत गेले. शेवटून नवव्या वर्षाच्या पानावर चौदा रेघा होत्या आणि शेवटी, कोपऱ्यात, एकच गोल. त्याच्या आधीच्या कुठल्याही पानावर गोल नव्हता.

"बाकीच्या पक्ष्यांपुढे आहेत का बघ," तो म्हणाला.

इंगुनने पाहिलं. कस्तुरापुढे गोल नव्हते. कोकिळेपुढे नव्हते. बारीक आवाजाच्या दोन-तीन पक्ष्यांपुढे थोडे होते, तेही शेवटच्या वर्षांत.

"नऊ वर्षं," आस्लाक म्हणाला. "नऊ वर्षं ती माझ्या शेजारी बसून..." त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही. पलीकडच्या खुर्चीतल्या माणसाने सभ्यपणे वर्तमानपत्र वर केलं.

"माझी मोजणी तिने खोटी केली," बऱ्याच वेळाने तो म्हणाला.

"खोटी नाही केली. वेगळी लिहिली. तुझं तुझं आणि तिचं तिचं, सगळं जसंच्या तसं आहे."

त्याने मान डोलावली. नाक शिंकरलं. मग संगणक काढून तिच्या मांडीवर ठेवला.

"आठवं चित्र काढून टाक. ते खुंटांचं. त्या जागी या पानांचे फोटो घाल. नऊच्या नऊ."

"तू बोलणार आहेस उद्या?"

"न बोलून काय करू, फ्रिजवर पत्र लावलंय. सांगेन की हा आलेख पक्ष्यांचा नाही, माझ्या कानांचा आहे. खोलीत माझ्या वयाचे पन्नास तरी असतील. त्यातल्या निम्म्यांनी असलेच आलेख काढले असतील, आणि त्यांची टूरिड कोण ते त्यांना माहीत नसेल."

इंगुन फोटो घेऊ लागली. आस्लाकने खिशातून फोन काढला, बराच वेळ नुसता हातात धरला आणि मग एक नंबर लावला. तो कुणाचा असणार हे तिला न पाहताच कळलं.

"कोण मेलं?" ऑडमुनचा आवाज तिच्यापर्यंत आला. तोही फोनवर ओरडूनच बोलायचा.

"कुणी नाही. मी आस्लाक."

"नाव दिसतंय. म्हणून तर विचारतोय."

"ऐक. तुझ्या तोडीने पक्षिराज गेले नाहीत. ते तिथेच आहेत. इंगुनला ऐकू येतात. मला येत नाहीत. बरीच वर्षं येत नाहीत." त्याने श्वास घेतला. "ती पत्रं लिहायला नको होती मी. माफ कर."

फोन तुटला की काय म्हणून आस्लाकने तो कानापासून दूर धरून पडदा पाहिला.

"मलाही येत नाहीत," ऑडमुन म्हणाला. आता तो ओरडत नव्हता, आणि इंगुनला पुढे झुकावं लागलं. "मी रोज संध्याकाळी त्या उतारावर जाऊन उभा राहायचो. काही ऐकू यायचं नाही. म्हटलं, आस्लाक म्हणतो म्हणजे खरंच असणार. तीनशे रोपं लावली मी, माहितीये? मागच्या बाजूला, तुला तुझ्या खिडकीतून दिसू नयेत अशी."

"का?"

"तू मिरवला असतास."

आस्लाक हसला. पावणेतीन वर्षांत इंगुनने ते हसू ऐकलं नव्हतं. "शनिवारी येतो," तो म्हणाला. "वॅफल कर. आणि माझ्याशी जाड आवाजात बोल."

फाटकाजवळची बाई ग्दान्स्कच्या प्रवाशांना बोलावू लागली. माणसं उठून रांगेत उभी राहिली. आस्लाक बसूनच राहिला आणि त्याने इंगुनपुढे हात पसरला.

"हिरवी वही दे. आणि पेन्सिल."

"लिहिणारी मी आहे."

"होतीस. आता तू ऐकायचं." त्याने आजचं पान उघडून गुडघ्यावर ठेवलं. "किती होते?"

"दहा. त्यातले दोन तुझे. डोळ्यांनी पाहिलेले, मध्ये काच नव्हती."

आस्लाकने दोन उभ्या रेघा मारल्या. मग, टूरिडच्या गोलांएवढे लहान यावेत म्हणून जीभ दातांत धरून, त्याने एकापुढे एक आठ गोल काढले. प्रवाशांची रांग संपत आली तेव्हा तो शेवटचा गोल पुरा करत होता.